आठवा लागायच्या आत

पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय, असं हातमोजा काढत डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं.

माझी सून वैशाली आत टेबलावर पाय आखडून पडली होती. पोटात जुळी. डॉक्टरांच्या हिशेबाने एकोणतीस आठवडे. माझ्या हिशेबाने सातवा महिना, आणि तो सरायला चार दिवस बाकी. बाई म्हणाल्या, हे प्रीटर्म लेबर आहे, म्हणजे दिवस भरायच्या आधी लागलेल्या कळा. कळा थोपवायचं औषध देऊ, मुलांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देऊ, आणि जितके दिवस निघतील तितके काढू. त्यांनी कागद माझ्या मुलापुढे, प्रकाशपुढे धरला. त्याने खिशातून पेन काढलं.

मी तो कागद ओढून घेतला.

"थांबवायचं नाही," मी म्हटलं. "आज होऊन राहिलं तर आजच होऊ द्या. चार दिवसांनी आठवा लागते. सातव्यातलं जगते, आठव्यातलं जगत नाही."

"आई, पागल झाली का तू? दे इधर," प्रकाश म्हणाला.

मी कागद पदराखाली घेतला आणि बाकावर जाऊन बसले. बाई आत निघून गेल्या. आत वैशालीला कळ आली. तिचा आवाज आला नाही. टेबलाचा खडखडाट आला.

हे मी कौतुकासाठी लिहीत नाही. ज्या घरात जुळी येणार आहेत त्या घरच्या सासवांनी आणि आयांनी वाचावं म्हणून लिहिते. पोरींना डॉक्टर सगळं सांगतात. आम्हाला सहसा कोणी बसवून सांगत नाही, आणि घरात चालतं आमचं.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. माझी पाचही बाळंतपणं घरी झाली, त्यामुळे या विषयात मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी धरून चालले होते. रायपूर छत्तीसगढची राजधानी झाल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नवे दवाखाने उघडत होते, नव्या मशिनी येत होत्या. मी म्हणायचे, मशिनीने पोर होत नाही.

तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत दोन दिसली. तेव्हाच बाईंनी वैशालीला आणि मला समोर बसवून समजावलं होतं. जुळ्यांत पिशवी लवकर ताणली जाते, त्यामुळे कळा लवकर लागू शकतात. लक्षणं सांगितली. पोट दगडासारखं घट्ट होतं आणि सुटतं, पुन्हा होतं. तासात चारपेक्षा जास्त वेळा असं झालं तर थेट दवाखान्यात यायचं. कंबर एकसारखी दुखते. खाली दाब वाटतो. पाण्यासारखं किंवा लालसर जातं. दुखलंच पाहिजे असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पहिलटकरणीला ते कळत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

मी सगळं ऐकलं. माझ्या कानांत काही दोष नव्हता. पण त्यातलं मी एकच घेऊन घरी आले: जुळी लवकर येतात. आता लवकरच यायची तर कधी? सातव्यात आली तर तरतील. आठव्यात आली तर गेली. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत. माझ्या सासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. शिवाय मला कोणी सांगायची गरजच नव्हती. माझा पहिला मुलगा आठव्यात झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला.

म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सातवा कधी सरतो ते बघून ठेवलं. पौर्णिमेला. कोणाला सांगितलं नाही.

सातव्यातच डोहाळजेवण केलं. शेजारच्या बायकाही आल्या. इकडे छत्तीसगढी लोकांत सातव्या महिन्यात सधौरी असते, म्हणजे पोटुशीला सात तऱ्हेचं खाऊ घालायचं. त्यांनी आपले डबे आणले, आम्ही आपलं केलं. वैशाली हिरवी साडी नेसून तीन तास पाटावर बसली होती. ओटी भरताना मी वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, पोट घट्ट होऊन राहिलं."

मी तांदूळ घालता घालता पोटावर हात ठेवला. दगड. मनात वीसपर्यंत मोजलं, मग सुटलं. बायका गेल्यावर पुन्हा हात ठेवला. पुन्हा दगड.

मला कळलं होतं. पाच पोरं काढलेल्या बाईला कळत नाही असं होत नाही. मी म्हटलं, "गॅस असन. ओवा खा अन् डाव्या कुशीवर पड."

दुसरा दिवस तसाच गेला. ती स्वयंपाकघरात कंबर धरून उभी राहायची, मी बघायचे आणि भाजी निवडायचे. प्रकाश उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. त्याने विचारलं, "सब ठीक?" मी म्हटलं, ठीक.

तिसऱ्या दिवशी दुपारी लालसर गेलं. तेव्हा मात्र मी स्वतः प्रकाशला कारखान्यात फोन करवला. मला वाटलं, आता वेळ आली, दवाखान्यात जाऊ, चार दिवस हातात आहेत. सदर बाजारात रिक्षा अडकली. पुढे हातगाडी, मागे स्कूटरी, कोणी हलायला तयार नाही. वैशालीने माझं मनगट धरलं होतं. मी तिला म्हटलं, "घाबरू नको." मी घाबरलेली नव्हतीच.

तर मी बाकावर पदराखाली कागद घेऊन बसले होते. प्रकाश भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. दहा-पंधरा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या इथल्याच, मराठी समजायच्या, बोलायच्या हिंदीत.

"माताजी, इंजेक्शन दे दिया है," त्या म्हणाल्या. "बहू ने खुद साइन किया. वो कागज़ आप रख लो."

सही वैशालीची चालते, हे मला माहीतच नव्हतं. मी धरून बसले होते तो नुसता कागद होता. प्रकाशला हसू आलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं.

मला राग आला. मी म्हटलं, "मग मले काय विचारता?"

त्या म्हणाल्या, विचारत नाही, सांगायला आले. पुढचे दिवस तुमच्या घरातलेच कोणीतरी तिच्याजवळ बसणार. तेच माणूस मनात वाईट धरून बसलं तर मला चालणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आपके कितने बच्चे?"

"पाच झाले. चार आहेत."

"जो गया, वो आठवें का था?"

"हो."

झाल्यावर काय केलं, ते सांगा, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं. थंडीचे दिवस होते. सुईणीने नाळ कापली आणि लगेच आंघोळ घातली, कारण अंगावर पांढरं होतं. मधाचं बोट चाटवलं. पहिलं दूध पिवळं, जड, ते पिळून टाकलं. वरचं पाणी दिलं. तो रडायचा नाही, मांजरासारखा आवाज करायचा. दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडले. संध्याकाळी गेला.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माताजी, लहान मुलाच्या अंगात चरबी नसते, ते स्वतःला गरम ठेवू शकत नाही. ओलं करून उघड्यावर ठेवलं तर सातव्यातलं असो, आठव्यातलं असो, नवव्यातलं अशक्त असो, ते गार पडतं. "आठवां महीना उसको नहीं ले गया. ठंड ले गई."

कोणी अशा वेळी रडलं असतं. मला आधी वाटलं, ही पोरगी मला माझ्या मुलाचं सांगते. मी म्हटलं, "अन् सातव्यातले जगतात ते?"

"आपने देखा है कोई?"

"माझ्या नणंदेचा. सुरेश. आता दोन पोरांचा बाप आहे."

"पैदा हुआ तब कितना बड़ा था?"

मी हात पसरून दाखवलं. चांगला गुटगुटीत होता. रडला तेव्हा अख्खा पारा ऐकत होता, सगळ्या मोहल्ल्याला कळलं की पोट्टा झाला.

बाईंनी आपली ओंजळ केली आणि माझ्यापुढे धरली. एकोणतीस आठवड्यांचं मूल एवढं असतं, असं म्हणाल्या. किलोच्या आसपास. रडायलाही दम नसतो. ओरडून रडणारा गुटगुटीत मुलगा सातव्यातला असूच शकत नाही. तो पूर्ण दिवसांचा होता. गिनती गलत थी.

मी म्हणणार होते, गिनती कशी चुकेल? लग्न वैशाखात झालं आणि सुरेश मार्गशीर्षात झाला, मी स्वतः होते. मग आठवलं. ते लग्न फार घाईत झालं होतं. मुलाकडचे घाई करून राहिले, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मांडवसुद्धा नीट घातला नव्हता. चाळीस वर्षं मी "सातव्यातलं जगतं" म्हणत आले, आणि माझ्याजवळचा दाखला एवढाच होता.

आता हे वाचून तुम्ही तुमच्या घरातले सातव्यातले आठवा. कोणाला काही बोलू नका. आपल्यापुरतं मोजा.

बाई उठायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "थांबा. कळा आज सकाळपासून नाहीत. परवापासून आहेत. मले माहीत होतं."

त्या पुन्हा बसल्या. नेमकं कधी, किती वेळाने, लाल कधी गेलं, पाणी गेलं का, ताप होता का, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. मला बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, परवा आणलं असतं तर तोंड बंद होतं, जास्त दिवस काढता आले असते. आता बघू. प्रकाश सगळं ऐकत होता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

संध्याकाळी मला आत सोडलं. वैशालीला सलाईन लावलेलं, तोंड लालबुंद. कळा थोपवायच्या गोळ्यांनी तसं होतं, डोकंही दुखतं. ती म्हणाली, "आई, तुम्हाले माहीत होतं म्हणे."

"होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सातव्यात व्हावं वाटलं मले."

ती म्हणाली, "तुम्ही घाबरल्या नाहीत म्हणून मी बी नाही घाबरली. मले वाटलं, आई आहेत, त्यांना समजते."

मी म्हटलं, "आता मी इथून हलत नाही." ती म्हणाली, "बसा मग. पण ओवा नका देऊ." आणि हसायला गेली तर पोट घट्ट झालं, म्हणून मीच तिला म्हटलं, गप पड.

मी हलले नाही.

पहिला दिवस. जे इंजेक्शन दिलं ते स्टेरॉइडचं. ते आईला देतात, पण काम करतं पोटातल्या मुलांवर. त्यांची फुप्फुसं लवकर तयार होतात, जन्मल्यावर श्वास घ्यायला सोपं जातं. दोन टोचायची, चोवीस तासांच्या अंतराने. दुसरं टोचल्यावर आणखी एक दिवस मिळाला तर पूर्ण गुण. म्हणजे बाईंना हवे होते ते महिने नव्हते, ते दोन दिवस होते. कळा थोपवायची औषधं एवढ्यासाठीच देतात. ती कायमचं थांबवत नाहीत, वेळ काढून देतात. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कागद ओढला नसता. सांगितलं असेलही.

दुसरा दिवस. दुसरं इंजेक्शन झालं. मी पोटावर हात ठेवून बसायचे आणि घड्याळात बघून सिस्टरला सांगायचे, आता घट्ट झालं, आता सुटलं. मशीन होतंच, पण जुळ्यांत त्याचा पट्टा सरकायचा. सिस्टर म्हणाली, दाईंचा हात पक्का आहे. इकडे म्हाताऱ्या बाईला दाई म्हणतात. तासाला सहावरून तीनवर आलं.

तिसरा दिवस. मी बाईंना विचारलं, हिला घरी नेऊन पलंगावर पाय वर करून निजवून ठेवली असती तर? त्या म्हणाल्या, नुसतं निजवून कळा थांबत नाहीत, उलट पायात रक्त गोठायची भीती असते. जिथे छोट्या मुलांचा अतिदक्षता विभाग आहे, त्याला एनआयसीयू म्हणतात, अशा जागी आई वेळेत पोचणं महत्त्वाचं. मूल जन्मल्यावर गाडीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेलेलं कधीही बरं. हे लक्षात ठेवा. जुळी आहेत असं कळलं की आधीच विचारून ठेवा, तुमच्या दवाखान्यात तशी सोय आहे का. नसेल तर कुठे जायचं ते आधी ठरवा. सदर बाजारात अडकल्यावर ठरवता येत नाही.

त्या दिवशी प्रकाश डबा घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "खा ले." बोलणं तिथून सुरू झालं.

चौथा दिवस. पौर्णिमा. सकाळी मी तोंड धुऊन आले तर वैशालीखालची चादर ओली. पाणी गेलं होतं. आठवा लागला होता. बाकावर मला सगळं पटलं होतं, तरी त्या वेळी माझ्या मनात आलं, आता गेली. खोटं कशाला लिहू?

बाई आल्या, तपासलं. पहिलं डोक्याकडून होतं, दुसरं आडवं. म्हणाल्या, ऑपरेशन. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माताजी, दोनों इंजेक्शन को पूरा टाइम मिल गया." मी म्हटलं, "मग करा लवकर. मले काय बघता?"

मुलगी अकराशे ऐंशी ग्रॅम. चार मिनिटांनी मुलगा, हजार चाळीस ग्रॅम.

मला दाखवायला थांबले नाहीत. दोन माणसं दोन गाठोडी घेऊन धावत गेली. मी पाहिलं ते एवढंच की कोणी आंघोळ घातली नाही. पुसलं, टोपी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, ऊब जाऊ नये म्हणून. आमची सुईण बघती तर म्हणाली असती, भाजीसारखी काय बांधून राहिले पोरं!

मग सुरू झाले एनआयसीयूचे दिवस. बाहेर लाकडी बाक, आत चप्पल काढून, कोपरापर्यंत हात धुऊन जायचं. काचेच्या पेटीत मुलं. अंगाची कातडी पातळ, खालच्या शिरा दिसत. कान दुमडला की दुमडलेलाच राहायचा. नाकात नळी, तिच्यातून हवेचा दाब सोडतात, म्हणजे फुप्फुसं मिटत नाहीत. त्याला सीपॅप म्हणतात. मुलीची ती नळी तिसऱ्या दिवशी निघाली. मुलाची निघायला आठवडा लागला. मुलींचा जीव चिवट असतो, असं तिथल्या सिस्टरही म्हणायच्या.

दूध तोंडाने पिता येत नाही. पोटात बारीक नळी घालून दर दोन तासांनी वैशालीचं दूध सोडायचे, सुरुवातीला चमच्याच्या तळाशी राहील एवढंच. तेच पिवळं, जड दूध. मी वाटी धरायचे आणि एक थेंब सांडू द्यायचे नाही.

वैशाली टाके दुखत असूनही दिवसातून सहा-सात वेळा दूध काढायची. ताप आला तेव्हाही काढायची. पोरगी सरकारी शाळेत शिकवते, दिसायला काडी. मी तिला आधी नाजूक समजत होते.

दहाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, आता कांगारू केअर करायचं. म्हणजे मुलाला पेटीतून काढून माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी, वरून कपडा. आईची ऊब पेटीपेक्षा चांगली, श्वासही सुधारतो. आई एक, मुलं दोन. वैशालीने मुलीला घेतलं. मुलाला कोण?

"बाप," सिस्टर म्हणाली. प्रकाश कारखान्यात होता.

"आजी पण चालेल," तीच म्हणाली.

मी म्हटलं, "मले या वयात पोलकं सोडायला लावता?" तिथली आया फूलबाई हसत म्हणाली, "झन लजा दाई, इहां सब माईलोगिन हे." म्हणजे लाजू नको, इथे सगळ्या बायकाच आहेत. तिने पडदा ओढला, मला खुर्चीत मागे टेकवलं आणि मुलगा माझ्या छातीवर ठेवला. वजन असं लागलंच नाही. गरम पोळी ठेवल्यासारखं वाटलं.

मी रोज सकाळ-दुपार बसू लागले. माझ्या छातीवर तो वाढत होता का, माहीत नाही. रोज वजन करायचे, कधी दहा ग्रॅम वाढायचं, कधी वीस कमी व्हायचं.

पंधराव्या दिवशी दुपारी मी त्याला घेऊन बसले होते. एकाएकी त्याचं पोट हलायचं थांबलं. मला आधी कळलं, मशीन नंतर वाजलं. या मुलांना श्वास घ्यायची आठवण राहत नाही. मेंदू कच्चा असतो, मध्येच विसरतो. त्याला ॲप्निया म्हणतात. सिस्टर पलीकडच्या पेटीपाशी होती. तिने ओरडून सांगितलं, "दाई, तळवा घासा!"

मी त्याचा पाय पकडला. माझ्या अंगठ्याएवढा. घासला. काही नाही. ओठ निळसर व्हायला लागले. मी तळव्यावर टिचकी मारली, जोरात. "घे," मी म्हटलं. "श्वास घे, पोट्ट्या." पुन्हा मारली. सिस्टर पोचली, तिने त्याची मान सरळ केली, नाकाशी ऑक्सिजन धरला. मी मारतच होते. चौथ्या की पाचव्या टिचकीला त्याने अंग आक्रसलं आणि श्वास घेतला. मग रडला. मांजरासारखा.

तो आवाज मी आधी ऐकलेला होता.

सिस्टर म्हणाली, पेटीत ठेवू का थोडा वेळ? मी म्हटलं, नाही, राहू दे. मी आणखी दोन तास बसले आणि त्याच्या पोटावरून नजर हलवली नाही. त्यानंतर असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी टिचकी. पुढे औषधाने कमी झालं, मग बंद झालं.

त्याच आठवड्यात माझी नणंद, कुसुमवन्सं, बघायला आल्या. आत सोडत नाहीत म्हणून बाहेरच्या बाकावर बसल्या आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या, "आठव्यातली ना वहिनी? देवाची मर्जी. जास्त जीव नको लावू. माझ्या सुरेशचं कसं, सातव्यातला म्हणून तरला."

मी म्हटलं, "वन्सं, तुमचा सुरेश जन्मला तेव्हा दोन्ही हातांनी उचलावा लागला. सातवा होता की नववा, ते तुम्हाले ठाऊक अन् मले बी समजलं. आता या बाकावर आठव्याचं नाव काढायचं नाही."

त्या लाल झाल्या. चहा न घेता गेल्या. महिनाभर आल्या नाहीत. मग आल्या तेव्हा लोकरीच्या दोन टोप्या विणून आणल्या, आणि तो विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.

मुलगी एकेचाळिसाव्या दिवशी घरी आली. मुलगा त्रेपन्नाव्या दिवशी. आणण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करतात, कानांचीही. ती चुकवू नका. आमच्या मुलाच्या डोळ्यांना लेझर करावं लागलं. वेळेत कळलं म्हणून दिसतं.

घरी आल्यावर मी दारात एकच नियम लावला. हात धुतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, मग तो कोणी का असेना. लोक म्हणाले, म्हातारी विटाळ पाळायला लागली. म्हणू दे. सव्वा महिन्यानंतर आंघोळ घातली, तीही बाईंना विचारून.

आता तुम्हाला जे सांगायचं ते. तुमच्या घरात जुळी असतील, तर पोटावर हात ठेवून घट्ट-सैल मोजायला शिका, आणि मोजलेलं लपवू नका. ओवा, काढा, तेलाची मालिश याने कळा थांबत नाहीत, तास जातात. सातवा, आठवा काही नसतं. पोटात राहिलेला प्रत्येक दिवस मुलाच्या कामाचा, आणि कुठला दिवस शेवटचा हे डॉक्टरांना ठरवू द्या. कळा लागल्या तर त्या फुप्फुसांच्या इंजेक्शनचं विचारा. आणि पोर गार पडू देऊ नका. मी ऐकून घ्यायला चाळीस वर्षं लावली. तुम्ही एवढी लावू नका.

वैशालीने त्या कागदाची गोष्ट शाळेतल्या बायकांनाही सांगितली आहे. मला राग येत नाही. झालं तसंच सांगते.

वैशाली जगली. मुलगी जगली. मुलगा जगला, त्याला जाड भिंगाचा चष्मा आहे.